कसाऱ्याचा धक्का

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. पावसाळ्यात इगतपुरीत लाईट असतील तर इंटरनेट नसतं आणि इंटरनेट असेल तेव्हा माझा गुडघा धड नसतो. पण परवा एक प्रवास झाला आणि तेव्हापासून काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून बसले लिहायला. लांबण लागेल, आधीच सांगते. ज्यांना रेल्वेचं काही नाही त्यांनी सोडून दिलं तरी चालेल. आमच्या घरच्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचायचं आहे.

झालं असं की ठाण्याच्या भाच्याने माझं 'वंदे भारत'चं तिकीट काढलं. मुंबई-शिर्डी. "आत्या, आयुष्यभर त्या पॅसेंजर आणि मेलमध्ये बसलीस, एकदा हिच्यात बस." मी म्हटलं, अरे पण ती इगतपुरीला थांबत कुठे? पुढे थेट नाशिकरोड. म्हणजे मी माझ्या घरावरून पुढे जायचं आणि मग पन्नासेक किलोमीटर उलटं यायचं! पण नाशिकला धाकट्या भावाकडे जायचंच होतं. त्याची तब्येत हल्ली बरी नसते. म्हटलं, ठीक आहे.

गाडी सुंदर आहे यात वादच नाही. पांढरीशुभ्र, निळा पट्टा, आणि पुढे ते लांबट उतरतं नाक. 'स्ट्रीमलाइन्ड' म्हणतात त्याला. मराठीत काय म्हणावं? कोशात जड जड शब्द आहेत, पण मुलांना शिकवताना मी 'वाऱ्याला वाट करून देणारा आकार' असं सांगायची. मासा, बगळा, विमान. लहानपणी मात्र आम्ही कॉलनीतली मुलं सरळ 'नाकाचं इंजिन' म्हणायचो. कारण ते आम्ही रोज बघत होतो.

हे जरा खुलासेवार सांगायला हवं.

माझा जन्म इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमधला, स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी. तेव्हा मुंबईकडून विजेची गाडी येई ती इगतपुरीपर्यंतच. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्ही.टी. ते कुर्ला धावली आणि १९३० च्या सुमारास तारा घाट चढून आमच्याकडे आल्या. पुढे नाशिक, मनमाड, भुसावळ सगळं कोळशावर. त्यामुळे प्रत्येक मेलला, प्रत्येक एक्सप्रेसला इगतपुरीत इंजिन बदलावं लागे. विजेचं सुटायचं, वाफेचं लागायचं. पंधरा-वीस मिनिटं तरी गाडी उभी. त्या पंधरा-वीस मिनिटांवर अर्धं गाव जगत होतं म्हटलं तरी चालेल. चहा, वडे, काकड्या, उन्हाळ्यात ठाकर बायकांच्या पानाच्या द्रोणातली करवंदं. गाडीतले साहेबलोक खाली उतरून पाय मोकळे करायचे आणि "काय थंड हवा आहे हो" म्हणायचे. आम्ही मुलं त्यांच्याकडे बघत उभी.

आणि वाफेचं ते इंजिन म्हणजे डब्ल्यू.पी. काळं धूड, पुढे बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं नाक आणि नाकावर चंदेरी चांदणी. ही इंजिनं १९४७ साली पहिल्यांदा अमेरिकेतून आली, बाल्डविन कंपनीची सोळा. नंतर आणखी देशांतून आली, शेवटी शेवटी चित्तरंजनलाही झाली. एकूण ७५५. स्टेशनच्या दिव्यात ती चांदणी अशी चमकायची की बस्स! माझा भाऊ तेव्हा जेमतेम चार वर्षांचा, तिला सलाम ठोकायचा.

पुढे २०११ साली भाचीकडे शिकागोला गेले होते तेव्हा तिने तिथल्या विज्ञानाच्या म्युझियममध्ये नेलं. तिथे 'झेफर' नावाची आख्खी गाडी ठेवली आहे. १९३४ सालची, डिझेलवर चालणारी, सगळी स्टीलची, उतरत्या तोंडाची. २६ मे १९३४ ला डेन्व्हरहून पहाटे निघाली आणि हजार मैलांवर अंतर कापून त्याच दिवशी संध्याकाळी शिकागोला. तेरा तास पाच मिनिटं! वाटेत एक गाढवाचं शिंगरूही बरोबर घेतलं होतं म्हणे, त्याचं नावसुद्धा गाडीवरूनच 'झेफ'. मंदीचा काळ होता, लोक रेल्वेला कंटाळले होते, तर या चकचकीत गाडीने त्यांना परत वेड लावलं. त्यानंतर जगभर नाकाच्या गाड्यांची लाटच आली. जर्मनीची तर हिच्याही वर्षभर आधीची. तिथे उभी राहून मी भाचीला म्हटलं, अगं, आमच्या इगतपुरीच्या चांदणीवालीची ही मावसबहीण दिसते. तिला काही कळलं नाही.

खरं सांगायचं तर त्या नाकाचा आमच्याकडे शोभेपलीकडे फारसा उपयोग नव्हता. वारा कापायला आधी तेवढा वेग पाहिजे! आणि घाटात तर वेगाचं नावच काढू नका.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाट. अंतर चौदा-पंधरा किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी जवळजवळ तीनशे मीटर वर चढते. चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पायी चालताना काहीच वाटणार नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक म्हणजे हे फार झालं, चाक नुसतं जागच्या जागी घसरतं. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली तरी हा घाट चढून रूळ इगतपुरीला यायला १८६५ साल उजाडलं. जेम्स बर्कली नावाचा जी.आय.पी.चा मुख्य इंजिनिअर, त्याने भोर आणि थळ दोन्ही घाटांची आखणी केली, आणि दोन्ही पुरे व्हायच्या आत १८६२ ला वारला. सुरुवातीला तर मध्ये एक 'रिव्हर्सिंग स्टेशन' होतं. गाडी तिथे जाऊन थांबायची, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. पुढे मार्ग बदलला, पण चढ तो चढच.

आणखी एक गंमत. रेल्वेच्या भाषेत मुंबईहून जाणारी गाडी ती 'डाउन' आणि मुंबईला येणारी 'अप'. म्हणजे आमच्याकडे डाउन गाडी घाट चढते आणि अप गाडी उतरते. शाळेत हे मुलांना समजावताना माझी कायम फजिती व्हायची.

तर चढायला मदत म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिनं लावतात. ती मागून रेटा देतात. त्यांना म्हणतात बँकर. माझे वडील, अण्णा, बँकरवर ड्रायव्हर होते. (हे सांगितलं की आजकालच्या लोकांना वाटतं अण्णा बँकेत होते. माझ्या एका सुनेने तर लग्नानंतर दोन वर्षं तोच समज करून घेतला होता.)

अण्णांचं इंजिन म्हणजे 'खेकडा'. स्वित्झर्लंडच्या डिझाइनचं, १९२८ च्या आसपास आलेलं, पुढे-मागे लांब नाकाडं आणि मध्ये केबिन. परदेशात त्याला 'मगर' म्हणत, पण आमच्याकडे खेकडा. चालताना चाकांचे दांडे असे हलत की खेकडा तिरपा पळतोय असं वाटे, आणि उभं असलं की विव्हळल्यासारखा आवाज करी. एकेचाळीस होती ती. दिसायला अगदी कुरूप. पण ताकद! आज त्यातलं एक दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे आणि एक वरळीला नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात. शाळेची सहल तिथे नेली होती तेव्हा मुलं आत पळाली आणि मी बाहेरच त्याच्यापाशी उभी राहिले.

अण्णांची ड्यूटी अशी: कसाऱ्याला गाडीच्या मागे लागायचं, पुढच्या ड्रायव्हरने शिट्टी दिली की आपली शिट्टी देऊन रेटायला लागायचं, इगतपुरीला सुटायचं आणि रिकामं इंजिन घेऊन परत खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. उभ्या आयुष्यात त्यांनी लाखो माणसं घाटावर चढवली असतील, पण कुठे नेली असं म्हणाल तर कसाऱ्याहून इगतपुरीला. रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा, दारावर काठी आपटून नाव पुकारायचा. आई उठून स्टोव्ह पेटवायची.

आम्ही मामाकडून, मुंबईहून परत येताना कसारा आलं की आई आम्हाला जागं करायची. गाडी थांबलेली. बाहेर अंधार, पाऊस. मग मागून एकदम धक्का बसायचा, सगळ्या डब्यांतून खडखड करत पुढे जायचा. पितळी तांब्या लवंडायचा. आणि आई म्हणायची, "लागले तुमचे अण्णा."

त्या दिवशी अण्णांची ड्यूटी असो नसो, ती असंच म्हणायची. आणि आम्ही परत झोपून जायचो. अण्णा मागे आहेत म्हटल्यावर काय काळजी.

आता पंजाब मेलची गोष्ट. ही आमच्या स्टेशनातली सगळ्यात मानाची गाडी. १ जून १९१२ ला सुरू झाली. त्या वेळी बॅलार्ड पियरवरून सुटायची आणि थेट पेशावरला जायची. बोटीने आलेले गोरे साहेब आणि विलायतेची टपाल यांच्यासाठीच ती होती. २,४९६ किलोमीटर, सत्तेचाळीस तास. १९१४ पासून व्ही.टी.हून सुटू लागली. थर्ड क्लासचे डबे तिला लागले ते तिशीच्या दशकात, म्हणजे तोवर आपल्यासारख्यांनी ती फक्त बघायची. १९४७ नंतर पेशावर राहिलं पलीकडे, आणि गाडी फिरोजपूरपर्यंत जाऊ लागली. ती आजही जाते. शंभरावर वर्षं झाली, मी तिला अजूनही कधी वेळ मिळाला तर स्टेशनवर जाऊन बघते.

मी पाचवी-सहावीत असताना बाईंनी वर्गात प्रत्येकीला विचारलं, वडील काय करतात. बहुतेक सगळ्या रेल्वेतल्याच. कोणाचे गार्ड, कोणाचे फिटर, कोणाचे पॉइंट्समन. माझ्या आधीच्या मुलीचे वडील मेल ड्रायव्हर होते, चांदणीवाल्या इंजिनावर. ती ते सांगून अशी काही खाली बसली! माझी पाळी आली. मी उठले आणि म्हटलं, "माझे वडील पंजाब मेल चालवतात."

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने वर्गात सांगितलं, हिचे वडील मेल चालवत नाहीत, मागून ढकलतात. वर्ग हसला. नंतर बरेच दिवस मला 'ढकलगाडी' म्हणत होते. त्याचं एवढं नाही. पण तिच्या वडिलांकडून ते रनिंग रूममध्ये गेलं आणि तिथे अण्णांना कोणीतरी म्हणालं, "काय मेल ड्रायव्हर, आज पेशावरहून का?" हे मला भावाने सांगितलं, त्याने अण्णांना आईशी बोलताना ऐकलं होतं.

अण्णा मला काहीच बोलले नाहीत. जेवले, पान खाल्लं, झोपले. पहाटे कॉलबॉय आला तेव्हा मी जागी होते पण डोळे मिटून पडून राहिले. अण्णा निघताना माझ्या अंथरुणापाशी थांबले. म्हणाले, "बाळ, मेल ते चालवतात. आम्ही चढवतो." आणि गेले.

त्यांना कळलं होतं की मी जागी आहे. मी उठून काही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. नंतरही कधी नाही. पुढे खूप वर्षांनी, अण्णा गेल्यावर, आईने सांगितलं की त्यांना मेलवर बढती आली होती, पण भुसावळला जावं लागणार होतं आणि तेव्हा आमची आजी अंथरुणावर होती. त्यांनी नको म्हणून लिहून दिलं. हे मी पाचवीत असण्याच्या आधीचं की नंतरचं, ते आईला आठवेना. मी पुन्हा पुन्हा विचारलं. तिला आठवेना.

असो.

साठीच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीच्या पुढेही तारा आल्या, पण वेगळ्या विजेच्या. इकडे १५०० व्होल्ट डी.सी., तिकडे २५,००० व्होल्ट ए.सी. म्हणून इंजिन बदलणं चालूच राहिलं, फक्त वाफ गेली आणि चांदणी गेली. मग दोन्हींवर चालणारी इंजिनं आली. २००६ मध्ये घाटात ए.सी. झाली आणि इगतपुरीत इंजिन बदलायचं कारण संपलं. थांबे कमी झाले, वडेवाले कमी झाले. आता फलाटावर विपश्यनेला आलेले पाहुणे दिसतात, पण त्यांना बोलायचं नसतं. आणि रस्त्याचं म्हणाल तर ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गही गावाजवळून बोगद्यात शिरतो तो थेट कसाऱ्याच्या बाजूला निघतो.

राजधानी एक्सप्रेस १९६९ ला हावड्याहून आणि १९७२ ला मुंबईहून सुरू झाली, पण ती पश्चिम रेल्वेवरून. आमच्या मार्गावर राजधानी यायला १९ जानेवारी २०१९ उजाडला. त्याच वर्षी तिला पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं लावायला लागले, 'पुश-पुल' म्हणतात. दोन्हींचा लगाम पुढच्या एकाच ड्रायव्हरच्या हातात. कसाऱ्याला थांबून बँकर लावायचा वेळ वाचला. मला हे वाचून मजा वाटली होती. एका अर्थाने बँकर आता दिल्लीपर्यंत जातो की! अण्णांना आवडलं असतं.

वंदे भारतला तर तेही नाही. तिला इंजिनच नाही म्हणा ना, मोटारी डब्यांखालीच असतात, एकाआड एक डब्यात. सगळी गाडीच स्वतःला ओढते आणि ढकलते. घाटात उभं राहायची वेळ आली तर मागे घरंगळू नये म्हणून वेगळे पार्किंग ब्रेक. १० फेब्रुवारी २०२३ ला शिर्डीची गाडी सुरू झाली तेव्हा आम्ही जुनी मंडळी बघायला गेलो होतो. बँकर न लावता घाट चढून आली. शेजारचे एक निवृत्त गार्ड काही वेळ नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "संपलं." अर्थात संपलं वगैरे काही नाही. मालगाड्यांना, लांबच्या मेल गाड्यांना आजही कसाऱ्याला बँकर लागतो. रात्री मला घरात त्यांच्या शिट्ट्या ऐकू येतात.

तर परवा. खर्डीच्या पुढे गेल्यावर मी आपली सरसावून बसले. समोरच्या मुलाच्या ट्रेवर कॉफीचा कप होता, तो मी हाताने धरून ठेवला. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, अरे सांडेल, आता धक्का बसेल. तो म्हणाला, "कसला धक्का, आजी?"

कसारा आलं आणि गेलं. गाडी थांबलीच नाही. मी कप धरून बसलेली. बोगदे सुरू झाले तेव्हा कळलं की आपण चढतोय. लहानपणी भाऊ आणि मी बोगदे मोजायचो आणि दोघांचा आकडा कधी जुळला नाही, या वेळी मी मोजलेच नाहीत. बाहेर धबधबे, हिरवंगार, उंट दरीचा तो उंच पूल. सगळं काचेपलीकडे आवाज न करता. इगतपुरी आलं. आमच्या क्वार्टरची ओळ, आता तिथे कोणी राहत नाही बहुधा, पलीकडे माझं घर. मी हात करायच्या आत गेलंसुद्धा.

नाशिकला भावाकडे पोचले. त्याला हल्ली माणसं ओळखता येत नाहीत, नावं तर नाहीतच. कधी मला आई समजतो, कधी कोणी नर्स. त्या दिवशी मात्र मी दारात पिशवी ठेवली तर म्हणाला, "ताई, मुंबईहून आलीस?" भावजय स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. मी म्हटलं, हो रे, आत्ताच. गाडीने.

त्याने थोडा विचार केला. मग विचारलं, "कसाऱ्याला लागले का अण्णा?"

मी म्हटलं, "लागले."

"खेकडा होता?"

"खेकडाच होता."

"मग बरं," म्हणाला. आणि खिडकीकडे तोंड करून बसला. भावजयीने चहा टाकला. मी दुपारच्या गाडीने इगतपुरीला परत आले, उभ्याने, कारण तिला नेहमीसारखी गर्दी होती.